डोकं चालत नाही, आणि सही मात्र शनिवारीच हवी

पत्र:

ताई नमस्कार, मी ४१ वर्षांची, नाशिकला राहते, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्स बघते. गेले तीन महिने घरात सगळं एकदमच आलंय. सासऱ्यांची बायपास झाली, मग टाके पिकले म्हणून परत अ‍ॅडमिट, आता घरी आहेत पण गोळ्यांचा नुसता पसारा. मुलीची दहावी, ऑफिसात ऑडिट, नवरा पुण्याला असतो, रविवारचा येतो. मी अशी नव्हते हो आधी, ऑफिसात लोक मला विचारून कामं करायचे. आता बघा, मार्केट पडलं त्या दिवशी घाबरून मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेला म्युच्युअल फंड सगळाच्या सगळा काढून टाकला, आणि थोड्या दिवसांत तो परत वर गेला. राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय, रोज रात्री उघडून वाचते. सासरे अ‍ॅडमिट होते तेव्हा तर एका सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन हॉस्पिटलला निघाले आणि गाडी स्टँडला लावली तेव्हा कळलं की मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी आहे, डबा पुढे हुकाला लटकतोय. तिथेच रडले.

आता नवीन म्हणजे सिन्नरकडची वडिलांची सव्वा एकर. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी. एजंट म्हणतो पार्टी तयार आहे, शनिवारी विसार घ्या नाहीतर ते दुसरी जागा बघतील. भाऊ दिवसातून चार फोन करतो. कधी वाटतं हो म्हणून मोकळी होते, एक ताप तरी कमी. विकू की नको? आणि नणंदेने एक रील पाठवलंय, म्हणे हे सगळं कॉर्टिसॉलमुळे होतं, टेस्ट करून घे आणि अश्वगंधा सुरू कर. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. खरंच असं काही असतं, की माझीच बुद्धी गेलीय?

स., नाशिक

उत्तर:

अगं स., एकेरीतच लिहिते, चालेल ना. शनिवार जवळ आलाय म्हणून आधी तेवढंच सांगून टाकते: या शनिवारी विसार घ्यायचा नाही. जमीन विकायची की नाही हे मी सांगणार नाही, तो तुमच्या तिघांचा विषय. पण या शनिवारी, आज तुझी जी अवस्था आहे त्या अवस्थेत, कोणत्याच कागदावर सही नको. का, ते सांगते, आणि त्यातच तुझ्या कॉर्टिसॉलच्या प्रश्नाचं उत्तर पण येईल.

बुद्धी गेलेली नाहीये. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, बुद्धी गेलेल्या माणसाला स्वतःबद्दल इतकं नीट लिहिता येत नाही. पण रील सुद्धा अगदीच खोटं नाही, अर्धवट आहे इतकंच.

भावाचा फोन वाजतो, स्क्रीनवर नाव दिसतं, आणि काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहाताला घाम येतो. हे सगळ्यांना माहिती असतं. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मात्र सावकाश येतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरीला निरोप, पिट्यूटरीकडून मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप, मग तिथून कॉर्टिसॉल सुटतं आणि रक्तात ते सगळ्यात जास्त कधी होतं, तर ताण सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी. म्हणजे फोन ठेवून तू पोळ्या लाटायला घेतल्यास, वाटलं की चला शांत झाले आता, तेव्हा ते ऐन वर चढलेलं असतं. खाली यायला तासभर तरी धर. आणि तुझा भाऊ दिवसाला चार फोन करतो, त्यात ऑफिसचं वेगळं, सासऱ्यांचं वेगळं, तर ते खाली यायचं कधी गं?

कॉर्टिसॉल काही विष नाहीये, हे रीलवाले सांगत नाहीत. सकाळी डोळे उघडल्यावर पुढच्या अर्ध्यापाऊण तासात ते आपोआप वाढतं, म्हणून तर उठून कामाला लागता येतं, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात कमी असतं. ज्यांच्या शरीरात ते पुरेसं तयारच होत नाही त्यांच्या आजाराला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात, त्यांना रोज गोळी घेऊन ते भरून काढावं लागतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी, अपघात टाळताना, बायपासच्या फॉर्मवर सही करताना ते तुझ्या उपयोगालाच आलं. अडचण होते ती ते आठवडेच्या आठवडे चढलेलं राहिलं की.

ते मेंदूत शिरतं हे सुद्धा आपल्याला फार उशिरा कळलं. हान्स सेली या शास्त्रज्ञाने मॉन्ट्रियलमध्ये १९३६ साली ताणाने शरीरात काय काय बदलतं ते उंदरांवर दाखवलं, पण ते पोटातले व्रण, ग्रंथी वगैरे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युअन यांनी १९६८ मध्ये दाखवलं की उंदराच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचा भाग, हे हार्मोन चक्क पकडून ठेवतो. ताणाचा आणि डोक्याच्या कामाचा संबंध लावायला तिथून धागा मिळाला.

आता निर्णयांचं. कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग आहे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो थांबायला लावतो, दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरून तुलना करतो, नको ते बोलणं गिळायला लावतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्न्स्टेन यांनी वर्षानुवर्षं याच भागावर काम केलंय आणि त्यातून असं दिसतं की आपल्या हाताबाहेरचा ताण आला की नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं तिथे इतकी वाढतात की त्या भागातल्या पेशींचं आपसातलं बोलणंच क्षीण होतं, कॉर्टिसॉल त्यात भरच घालतं, आणि कारभार जातो मेंदूच्या जुन्या भागांकडे, भीतीच्या आणि सवयीच्या. साहेब रजेवर गेले की हेडक्लार्क कसा फाइल मागच्या वेळेसारखीच पुढे सरकवतो, विचार करायचे अधिकार त्याला नसतात आणि ती त्याची चूकही नसते, तसं.

तुझं पार्किंगचं मला म्हणूनच अजिबात आश्चर्य वाटलं नाही. जर्मनीत २००९ मध्ये श्वाबे आणि वोल्फ यांनी एक प्रयोग केला होता. लोकांना कुठला पर्याय निवडला की कुठलं पेय मिळतं हे शिकवलं, मग त्यातल्याच एका चवीचं खाणं त्यांना पोटभर खाऊ घातलं, इतकं की ते नकोसं व्हावं. ज्यांना आधी ताण दिला नव्हता त्यांनी तो पर्याय सोडून दिला, आता नकोय तर कशाला घ्यायचं. पण ज्यांचे हात आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले होते आणि वर कोणीतरी त्यांच्याकडे टक लावून बघत बसलं होतं, ते नको असलेलंच निवडत राहिले. सवय लागली होती ना. तू गाडीला किल्ली लावलीस आणि कित्येक वर्षांचा रस्ता तुला घेऊन गेला, तुझं ध्येय हॉस्पिटल होतं पण गाडी ध्येय चालवत नव्हतंच.

इथे एक काम लगेच कर. पार्किंगला पोचलीस त्याने काही बिघडलं नाही, पण सासऱ्यांच्या गोळ्या तूच देतेस ना? बायपासनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या बऱ्याचदा असतात, त्या चुकून दोनदा गेल्या किंवा राहिल्या तर महागात पडतं. आठवणीवर ठेवू नकोस. फ्रिजवर कागद लाव, वार आणि वेळ लिही, गोळी दिली की टिक. मेडिकलमध्ये सात दिवसांचा कप्प्यांचा डबा मिळतो, तो रविवारी नवऱ्याला भरायला सांग, त्याला जाताना तेवढं तरी काम होईल.

फंडाचं. लंडनच्या एका ट्रेडिंग फ्लोअरवर जॉन कोट्स यांनी ट्रेडर लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं होतं (कोट्स स्वतः आधी वॉल स्ट्रीटवर ट्रेडर होते, मग मेंदूच्या अभ्यासाकडे वळले), मार्केट जितकं अस्थिर तितकं यांचं कॉर्टिसॉल वर. पुढे २०१४ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगात स्वयंसेवकांना औषधाने आठ दिवस कॉर्टिसॉल तितकंच, म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त, वाढवून ठेवलं. आणि गंमत बघ, एकदाच वाढवलं तेव्हा पैशाच्या निर्णयात काही फरक पडला नाही, पण आठ दिवस चढलेलं राहिल्यावर तीच माणसं जोखीम टाळायला लागली. म्हणजे मार्केट पडतं, सगळे ताणात, सगळेच घाबरट होतात, सगळेच विकतात. तू त्या दिवशी एकटी मूर्ख नव्हतीस, गर्दीत होतीस. फक्त आता तो लॉस भरून काढायला घाईघाईत कुठे काही गुंतवू नकोस, कोणी ऑप्शन्स-बिप्शन्स शिकवायला आलं तर त्याला सरळ दाराबाहेर काढ. बँकेत पडू दे ते पैसे परीक्षा होईपर्यंत. काही आकाश कोसळत नाही.

आता परत जमीन, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटतेय. तू लिहिलंस की हो म्हणून मोकळी होते. हे मोकळं व्हावंसं वाटणं हाच तर ताणाचा ठसा. इस्राएलचे गिओरा केइनान यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांवर करून बघितलं होतं, धास्तीत असलेली माणसं सगळे पर्याय बघून व्हायच्या आधीच उत्तर देऊन टाकतात, आणि बघतात ते सुद्धा विस्कळीतपणे, इकडून एक तिकडून एक. तुझ्याच पत्रात बघ ना. प्रश्न कसा आलाय, विकू की नको. दोनच. अर्धी विकता येते का, तुझाच हिस्सा भाऊ घेतो का, दोन वर्षं खंडाने देता येते का, पार्टी खरी असेल तर सहा आठवडे थांबेल का, यातलं एकही वाक्य पत्रात नाही. आणि आई! सातबाऱ्यावर तिचं नाव आहे असं तू एकदा लिहिलंस आणि मग तिचा उल्लेखच नाही, तिला काय वाटतं हे तुला कुणी विचारलं नाही आणि तूही तिला विचारलं नसशील असं मला वाटतं. तिची सही लागणार आहे बाई, ती पण मालक आहे. ऑफिसात एखाद्या व्हाउचरला सही कमी असली तर तू परत पाठवतेस की नाही?

एजंट लोकांना न्यूरोसायन्स येत नाही पण धंदा येतो. आजच, शनिवारीच, नाहीतर गेलं. २००४ मध्ये डिकरसन आणि केमेनी या दोघींनी २०८ प्रयोग एकत्र तपासले, की कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त कशाने उसळतं, तर निघालं की जे आपल्या हातात नाही आणि वर चार लोक आपल्याला जोखतायत, अशा वेळी. प्रयोगशाळेत ताण द्यायची जी नेहमीची पद्धत आहे ती पण तशीच केलीय, १९९३ पासून वापरतात, जर्मनीतल्या ट्रिअर शहराच्या नावाने ओळखतात: दगडी चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर भाषण करा, मग १०२२ मधून १३-१३ वजा करत जा, चुकलात की परत १०२२ पासून. (आपल्याकडे इतका खर्च करायची गरज नव्हती, लग्नाच्या हॉलमध्ये चार मावश्यांसमोर मुलीला मार्क विचारले तरी काम झालं असतं.) तुझ्याकडे भाऊ जोखतोय, एजंट घाई करतोय, तारीख त्यांची, जागा त्यांची. यातली एक गोष्ट तुझ्या हातात आली तरी फरक पडतो, आणि ती म्हणजे तारीख. नुसतं नंतर बघू म्हणू नकोस, त्याने भाऊ अजून फोन करेल आणि तुझ्याही डोक्यात ते लोंबकळत राहील. मुलीचा शेवटचा पेपर झाला की त्याच्यापुढचा आठवडा धर, सकाळची वेळ, आईच्या घरी, तिघंही हजर.

भावाला फोनवर सांगू नकोस, फोनवर तू परत हो म्हणशील. मेसेज कर, साधा: "दादा, या शनिवारी मी विसाराला येणार नाही. विकायला माझा विरोध आहे असं नाही, पण परीक्षा झाल्यावर अमुक तारखेला सकाळी आईकडे बसू. तोपर्यंत पार्टीचं नाव, भाव आणि पैसे कसे देणार ते लिहून पाठव. रोजचे फोन नकोत, संध्याकाळी सातला मी एकदा करेन." एवढंच. तो चिडेल, चिडू दे. त्याच्यावरही कसलं तरी ओझं असेल, हप्ते असतील, धंद्यात काही असेल, त्याशिवाय माणूस दिवसाला चार फोन करत नाही, ते त्या सकाळी विचार. आणि मेसेज पाठवायच्या आधी पाच मिनिटं जपमाळ घेऊन बस किंवा नुसती बस, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊ दे. इटलीत २००१ मध्ये यावर अभ्यास झालाय, ख्रिस्ती जपमाळ म्हणा नाहीतर ओम मणी पद्मे म्हणा, दोन्हींत श्वास तेवढाच संथ होतो आणि हृदयाची लय सुधारते. देव मानत असशील नसशील, तो तुझा प्रश्न, मोजून श्वास घेतलास तरी तेच.

राजीनाम्याचा मेल डिलीट करू नकोस, पण रात्री उघडायचा नाही. सकाळी दहाला, चहा झाल्यावर, ऑफिसच्या खुर्चीत बसून वाच. तेव्हाही पाठवावासा वाटला तर नवऱ्याशी बोल आणि मग बघ. रात्रीचे विचार असेच असतात, कारण त्या वेळी कॉर्टिसॉल तळाला हवं आणि अपुऱ्या झोपेने ते हवं तेवढं उतरत नाही. एका रात्री झोप फक्त चार तास दिली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कॉर्टिसॉल तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढलेलं सापडलं होतं, १९९७ चा अभ्यास आहे. तू किती झोपतेस ते लिहिलं नाहीस, पण मेल रोज रात्री वाचते म्हणजे अंदाज येतोच. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, आणि मुलीबरोबर जागायचं असेल तर एक रात्र तू, एक रात्र नवरा व्हिडिओ कॉलवर. होईल गं, पुण्यातून पण जागता येतं.

हे कायमचं आहे का अशी तुला भीती असणार. अमेरिकेत मेडिकलच्या वीस विद्यार्थ्यांना मोठ्या परीक्षेच्या तयारीत महिनाभर ताणात असताना तपासलं, एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवणं त्यांना जड जात होतं आणि प्रीफ्रंटलचे धागे सैल दिसत होते. परीक्षा संपून महिना गेल्यावर परत तपासलं तर ते पूर्ववत. पोर्तुगालमध्ये सवयीच्या बाबतीत पण असंच दिसलं, सहा आठवडे विश्रांतीनंतर. पण मी तुला नुसतं गोड सांगणार नाही. आपल्याच बंगळुरूत, एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत, सुमंत्र चटर्जी यांच्या लॅबमध्ये उंदरांना दहा दिवस रोज दोन तास जखडून ठेवलं होतं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या आणि अमिग्डालामधल्या, म्हणजे भीतीच्या भागातल्या, उलट वाढल्या. एकवीस दिवस मोकळं सोडल्यावर हिप्पोकॅम्पस सुधारला, अमिग्डाला तशीच राहिली. माणूस म्हणजे उंदीर नाही, तरीपण समज असं की परीक्षा संपली, सासरे चालायला लागले, आठवण परत जाग्यावर आली, तरी फोन वाजला की दचकणं थोडे दिवस राहील. राहिलं तर घाबरू नकोस आणि ते अंगावर काढूही नकोस.

टेस्टचं थोडक्यात. कॉर्टिसॉल दिवसभर वरखाली होत असतं, सुई टोचायच्या भीतीनेही वाढतं, त्यामुळे एका रिपोर्टवरून तुझा संसाराचा ताण मोजता येत नाही. ती टेस्ट कुशिंग (कॉर्टिसॉल फार वाढण्याचा आजार), अ‍ॅडिसन असल्या आजारांसाठी, डॉक्टरांना शंका आली तर. अ‍ॅड्रिनल फटीग, म्हणजे ताणाने त्या ग्रंथी थकतात, म्हणून जे खपवतात त्याला हार्मोन तज्ज्ञ मानत नाहीत. तू त्याऐवजी थायरॉइडची टीएसएच टेस्ट करून घे, बी-१२ आणि हिमोग्लोबिन पण, कारण थायरॉइडची गोळी कमीजास्त झाली तरी विसरायला होतं, चिडचिड होते, आणि या गडबडीत सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची राहत असणार, खरं सांग. अश्वगंधा थायरॉइडच्या हार्मोनवर परिणाम करू शकते आणि यकृताला त्रास झाल्याच्या केसेस आहेत, म्हणून तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. नणंदेला म्हणावं रील पाठवण्यापेक्षा रविवारी डबा पाठव.

झोप दोन आठवडे अशीच उडालेली राहिली, कशातच मन लागेना, किंवा नकोच हे सगळं, आपणच नको असं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. टेली-मानस या मनाच्या आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्री चालतो, मराठीत बोलतात.

आणि त्या सकाळी आईकडे बसायच्या आधी एक काम वकिलाकडे देऊन ठेव, सातबारा, फेरफार आणि सर्च रिपोर्ट. तुझ्या हिश्श्याच्या पैशातून नाही, तिघांनी मिळून द्यायची फी, हे भावाला आत्ताच मेसेजमध्ये टाक. भावाचं बोलणं त्यानंतर.